बहिऱ्या घरमालकाची नक्कल

सुदेशने नक्कल करायला नको होती. निदान त्या सकाळी तरी नको होती.

१९९८ साल. शारजात, रोल्ला भागात एका खोलीत आठ जण, खाटा सहा. सुदेश आणि रामेश्वर एकाच खाटेचे वाटेकरी, एक रात्रीचा, एक दिवसाचा. रामेश्वरची रात्रपाळी, त्यामुळे रात्री अकराला डिशवर लागणारी विनोदी मालिका त्याची बुडायची. सकाळी कंपनीच्या बसपाशी सुदेश ती त्याला करून दाखवायचा: बहिरा घरमालक आणि त्याला चुकवणारा भाडेकरू. देवरुखच्या शाळेत गॅदरिंगला नुसत्या खुर्च्या उचलणाऱ्या सुदेशला इथे पहिल्यांदा प्रेक्षक मिळाला, तोही एकच आणि पेंगुळलेला.

त्या दिवशी त्याने घरमालकाला फोरमन युसुफभाईंचा आवाज दिला. पोट पुढे, मिशीवर बोट, वाक्यागणिक 'खलास'. बाकीचे एकाएकी गप्प झाले. युसुफभाई सुदेशच्या पाठीशीच उभे होते. रामेश्वर पोट धरून वाकलेला, त्याला काही दिसलंच नाही. त्याची आई रत्नागिरीला इस्पितळात पडल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता. गुरुवारच्या विमानाने त्याला तिच्याकडे निघायचं होतं.

"इतना हँस रहा है, मतलब घर में सब ठीक है," युसुफभाई शांतपणे म्हणाले. "गुरुवार की छुट्टी खलास. अगले महीने, इन्शाल्ला."

रामेश्वरने सुदेशला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गुरुवार गेला. रत्नागिरीहून निरोप आला, आईने पाणीही सोडलंय. रामेश्वर पाळीवरून येऊन खाटेवर नुसता बसून राहायचा, आणि रात्री रिकाम्या खाटेला पाठ टेकायला सुदेशलाही लाज वाटायची.

रविवारी सुदेश साइटवरच्या केबिनमध्ये गेला. "युसुफभाई, वो हँसा, पर हँसाया मैंने. मेरी डिसेंबर की छुट्टी काट लो, उसको जाने दो."

"शादी है ना तेरी डिसेंबर में?"

"लडकी रुकेगी." रुकेल की नाही, ते त्यालाही माहीत नव्हतं.

युसुफभाईंनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि थांबले. "कल रात मेरी ड्यूटी थी, सीरियल छूट गया. वो बहरे का क्या हुआ?"

सुदेशला वाटलं, थट्टा चाललीये. पण माणूस खरंच वाट बघत होता. त्याने सांगितलं; पोट नाही, मिशी नाही, बातम्या सांगाव्यात तसं. युसुफभाई हसले नाहीत. सही करून म्हणाले, "मेरी रात की ड्यूटी होगी तो सुबह आके बताना. ये उधार रहा तेरे ऊपर."

रामेश्वर सोमवारी रात्री उडाला. बुधवारी खालच्या किराणा दुकानात त्याचा फोन आला. "आई रविवारीच गेली रे. मला इथे आल्यावर सांगितलं." लाइन खरखरली. "गुरुवारी आलो असतो तर भेटलो असतो," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. परत काही तो आला नाही. खाट आता पुरती सुदेशची झाली.

त्यानंतर अकरा वाजले की सुदेश भिंतीकडे तोंड करून पडतो. खोलीतले हसतात, तो कान दाबून घेतो.

"कल का बाकी है," सकाळी युसुफभाई बसच्या दारात अडवतात. "परसों का भी."

"दूँगा, युसुफभाई," म्हणत तो शेवटच्या सीटवर जाऊन बसतो.