पोटातलं पितळ

कुवेतमध्ये रुपया जाऊन नवं चलन आलं, त्या दिवसांत माझी मुलगी नुकती चालायला लागली होती. तोवर आमच्या घरात हिंदुस्थानचीच नाणी फिरायची. तिकडचा पैसा तांबूस, आणि हा नवा फिल्स पिवळाधमक, एका बाजूला गलबत. "यात तांबंच जास्त, जोडीला जस्त आनि थोडा निकेल," नवऱ्याने समजावलं. मी म्हटलं, म्हणजे पितळच की.

एका दुपारी पोरीला आमसुलाचं सार आणि भात भरवला. तिचं तोंड पुसायला फडकं घ्यायला वळले, तेवढ्यात तिने चटईवर पडलेला फिल्स तोंडात टाकला. मी बोट घालेपर्यंत गिळलाही.

माझी किंकाळी ऐकून शेजारच्या खाला आल्या. आमच्याच रत्नागिरीकडच्या मुसलमान मावशी.

"काय भरवलंस गो तिला?"

"आमसुलाचं सार."

त्यांनी तोंडाला पदर लावला. "पितळेवर आंबाट? कळकंल गो ता."

बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हिरवं पडतं, आणि खाणारा ओकून ओकून बेजार होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मीच माझ्या हाताने लेकीच्या पोटात विष करायला ठेवलं होतं.

नवरा बंदरावर कामाला. खालांनी टॅक्सी थांबवली. दवाखान्यात डॉक्टर मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कंपाउंडर हिंदुस्थानी. मी मोडक्या हिंदीत सांगितलं, "पितल है, ऊपर खट्टा खाया है, अंदर कलक जाएगा."

"कलकत्ता कौन जाएगा?" कंपाउंडरने विचारलं.

त्याचं नरडं धरावंसं वाटलं. पोटाचा फोटो काढला. त्यात एक पांढरी टिकली दिसली. डॉक्टर हसून काहीतरी बोलला. "अपने आप निकलेगा, घर जाओ," कंपाउंडरने सांगितलं.

"और खट्टा?"

"खट्टे से क्या होता है?"

आता याला काय सांगणार? घरी येऊन मी आमसुलं, चिंच, दही सगळं फडताळात कोंडलं. पोर दूधभात खाऊन खेळायची आणि मी तिच्या ओठांचा रंग बघत बसायचे. तिला साधी उचकी लागली तरी मी तिला उचलून मोरीकडे धावायचे. "डॉक्टर काय येडा हाय?" नवरा म्हणाला. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

अखेर एका सकाळी पोरीच्या शीतून फिल्स पडला. काळाठिक्कर, गलबत दिसेना. नवरा मोठ्याने हसला, खालांनी अल्लाचे आभार मानले. मी मोरीत बसून, भांडी घासायच्या सवयीने, वाटीत चिंच कोळून तो घासत राहिले. गलबत पुन्हा पिवळं उजळलं. पाण्यावर मात्र हिरवट झाक आली.

पोर मागून येऊन माझ्या पाठीला लोंबकळली. वाटीकडे हात करून म्हणाली, "सार."

मी वाटी उपडी केली आणि तिला छातीशी धरून तिथेच, ओल्या मोरीत, रडत बसले.