आमच्या वहिनी आणि परत येणारे मेल

ऑफिसात मला कोणी आडनावाने ओळखत नाही. मी 'वहिनींचा दीर'. खरं तर इथे आधी मी लागलो, वहिनी माझ्यामागून आल्या, आणि जागा रिकामी आहे हे त्यांना सांगितलंही मीच. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. एकदा जिन्यात मी त्यांना 'वहिनी' अशी हाक मारली, ती शिपायाने ऐकली, आणि बघता बघता साहेबांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या. मी मात्र कोणाचाच भावजी झालो नाही.

पाणी तपासणारी प्रयोगशाळा आहे आमची. तिथलं नेटवर्क आणि मेल आम्ही दोघं सांभाळतो. काही बिघडलं की वहिनींचा पहिला हात फोनकडे. समोरच्याच्या आईचा गुडघा कसा आहे, मुलीची परीक्षा कशी गेली, ही चौकशी पोटभर झाली की मग हळूच कामाचं बोलणं. आणि समोरचा माणूस हातातलं जेवण सोडून ते काम करून देतो. मी तीच विनंती लेखी, मुद्देसूद पाठवतो. मला साधं उत्तर येत नाही. यात त्यांचा काही दोष नाही हे कळतं, पण पोटात दुखायचं ते दुखतंच.

त्यात आमचे विभागप्रमुख निवृत्त व्हायला आले. त्यांच्या जागी आम्हा दोघांपैकी एक जाणार हे उघड होतं. मला ती जागा हवी होती. इतकी, की येता-जाता मी काचेतून त्या खोलीत डोकावायचो.

नेमके त्याच सुमारास मेल परत येऊ लागले. सगळे नाही, फक्त जंतू तपासणी विभागाला पाठवलेले. हा विभाग पूर्वी आमच्यातच होता. पुढे त्यांनी वेगळी चूल मांडली आणि दुसऱ्या इमारतीत गेले. आमच्या अहवालांवर शेवटची सही मात्र अजून त्यांचीच लागते. मेल जाईना, सही होईना, आणि खोळंबलेली माणसं प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांच्या दारात.

वहिनींनी कंबर कसली, म्हणजे फोन उचलला. तिकडचे म्हणाले, आम्हाला तर सगळीकडून मेल येतायत. वहिनींनी मोबाइलवरून तपासलं, घरी जाऊन तपासलं. त्या विभागाचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं @ नंतरचं नाव, घालून विचारलं की मेल घेणाऱ्या सर्व्हरचं नाव अगदी बरोबर येत होतं. तरी आमचा मेल गेला की परत. त्या गोड बोलत राहिल्या, मेल परत येत राहिले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मी फोनला हात लावला नाही. आमच्या मेल सर्व्हरवर बसलो आणि तोच प्रश्न तिथून विचारला: यांचे मेल कोण घेतं? उत्तरात जुन्या सर्व्हरचं नाव आलं, तो तर त्यांनी नुकताच बंद केला होता. मेल सर्व्हरला पत्ते पाठ नसतात, तो डीएनएसला, म्हणजे पत्ते सांगणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला, विचारतो. आम्ही एकत्र होतो तेव्हा त्यांचं डोमेन आम्हीच सांभाळत होतो, आणि त्या नोंदींची प्रत आमच्या इमारतीतल्या डीएनएसवर तशीच राहून गेली होती. त्यामुळे तो बाहेर कोणाला विचारतच नव्हता. घरचीच तर माणसं, अशा थाटात जुनं उत्तर ठोकून देत होता. मोबाइल आणि घरचं नेट बाहेर विचारत होतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसायचं. घर वेगळं झाल्याचं आमच्या डीएनएसला कोणी कळवलंच नव्हतं.

ती जुनी प्रत मी काढून टाकली आणि एक मेल सोडला. गेला. परत आलेले अहवाल पुन्हा पाठवले, तेही गेले.

अहवाल पोचल्याचं तिकडून कळलं तसे साहेब बाहेर आले ते थेट वहिनींच्या टेबलाशी. तुमच्या फोनाफोनीला यश आलं म्हणाले. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"नाही साहेब, माझ्या फोनांनी काही झालं नाही. भावजींनी शोधलं. चूक आपल्याच डीएनएसमध्ये होती."

साहेब हसले. "घरच्या माणसाला सांभाळून घ्यावं तर तुमच्यासारखं."

वहिनींनी पुन्हा सांगितलं, साहेबांनी पुन्हा कौतुकाने मान डोलावली. त्या जितकं नाही म्हणत होत्या, तितका त्यांचा मोठेपणा वाढत होता. मी तोंड उघडलं असतं तर आणखी वाढला असता, म्हणून दातओठ खात मी स्क्रीनकडे वळलो.

संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. प्रमुखाची जागा वहिनींनाच द्यायचं ठरलं होतं. पण त्यांनी ती नाकारून माझं नाव पुढे केलं होतं, आणि त्यांचा शब्द साहेबांना मोडवत नव्हता. नको म्हणून बाहेर पडावं असं मनात आलं. पण जागा मला हवी होती. मी हो म्हणालो.

वहिनी पार्किंगमध्ये थांबल्या होत्या. आभार मानायचं सोडून मी सरळच विचारलं, "तुम्हाला नको होती का ती जागा?"

"हवी होती की. खूप हवी होती," त्या म्हणाल्या. "पण भावजी, मी नुसती फोन करत बसले आणि तुम्ही एका बैठकीत शोधून काढलंत. तुमचं डोकं असं चालतं ना, मला फार हेवा वाटतो त्याचा."

आयुष्यात कोणीतरी मला हे म्हणावं म्हणून मी झुरत आलो होतो. म्हणाल्या त्या वहिनी. आणि मला कधी जमलं नसतं इतक्या सहज म्हणून गेल्या, याचा मला तिथेच, उभ्या उभ्या हेवा वाटला.