प्रार्थनेतलं पाचवं नाव

पहाटेचा उजेड भिंतीवर उतरायच्या आधी ती उठायची. स्वयंपाकघराची खिडकी उघडायची, लाकडी स्टूल तिच्यासमोर ओढायची आणि डोळे मिटून पाच नावं घ्यायची. बाहेर धुकं असलं की समोरची घरं नसल्यासारखी व्हायची, आणि तिला वाटायचं आपण ही नावं एकेक करून पाण्यात सोडतो आहोत. ती हळूहळू दूर जातात, बुडत मात्र नाहीत.

सवय वडिलांची. ते गावभर टपाल वाटायचे. कुणाच्या घरी काय दुखतंखुपतं ते त्यांना दारातूनच कळायचं. लहानपणी त्यांनी तिला सांगितलं होतं, "चार नावं तुझ्या आवडीची घे. पाचवं मात्र ज्याच्याशी तुझं मुळीच पटत नाही त्याचं घ्यायचं. आणि मागायचं ते त्याच्या भल्याचं. त्यानं तुझं ऐकावं असलं काही नाही."

"पण बाबा, तो वाईट असला तर?"

"ते देव बघेल. आपण पत्ता बघायचा आणि पत्र टाकायचं. उघडून वाचायचं नाही."

तेव्हापासून पाचव्या जागेवर बरीच माणसं येऊन गेली. गणिताच्या बाई, शेजारची कागाळीखोर मैत्रीण, लग्नानंतर सासूबाई. सासूबाई तर तीन वर्षांत पाचव्या नंबरावरून दुसऱ्यावर गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. गेली अकरा वर्षं मात्र ती जागा एकाच माणसानं अडवली होती. गावाच्या नगराध्यक्षानं.

तिचं काम माणसांना बोलतं करण्याचं. ज्यांची वाचा आजारानं गेली, ज्यांना जन्मापासून ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही, अशांना ती शब्द शिकवायची. आठवड्यातले चार दिवस सरकारी दवाखान्यात, दोन दिवस नदीकाठच्या मूकबधिर शाळेत. गावात तिला सगळे शब्दबाई म्हणायचे. नवरा भूगोलाचे निवृत्त मास्तर. ते म्हणायचे, "दिवसभर लोकांना बोलायला शिकवते आणि घरी आली की मला गप्प बसायला सांगते."

अध्यक्षांशी तिचं काहीच जमत नव्हतं. त्यांनी बाजारातली झाडं तोडली तेव्हा ती सह्या गोळा करत फिरली. वाचनालयाची वेळ कमी केली तेव्हा तिनं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. प्रत्येक निवडणुकीत तिनं विरुद्ध मत दिलं आणि ते लपवलंही नाही. पण पहाटे स्टुलावर बसली की म्हणायची, "त्यांना बरं वाटू दे. त्यांच्या घरात शांतता असू दे. बोलताना त्यांना भान राहू दे."

मास्तरांना हे अजिबात पटत नसे. "अगं, त्या माणसानं गावाचं वाटोळं चालवलंय आणि तू त्याच्या तब्येतीची चौकशी करतेस, तीही थेट वरच्या दरबारात!"

"मग काय मागू? त्याचे पाय मोडू देत?"

"निदान एक," मास्तर म्हणायचे आणि वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

त्या वर्षी रस्त्याची योजना आली. नदीच्या कडेनं रुंद रस्ता, आणि त्याच्या आड येणारी मूकबधिर शाळा गावाबाहेर, जुन्या वीटभट्टीच्या मैदानात. ती सुनावणीला गेली. म्हणाली, "साहेब, ही मुलं गावात राहून, माणसांचे ओठ बघून बोलायला शिकतात. त्यांना गावाबाहेर नेलंत तर ती बोलणार कुणाशी?"

अध्यक्ष हसून म्हणाले, "ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांना गाव काय आणि गावाबाहेर काय!"

सभागृहात हशा पिकला. ती तशीच उठून घरी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे चार नावं नीट घेतली. पाचव्याशी आली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "देवा, या माणसाची वाचा एकदाची बंद कर."

खिडकीबाहेर धुकं तसंच होतं. ती दचकून उठली. स्टूल भिंतीला लावलं आणि कामाला लागली, जणू कुणी ऐकलंच नाही.

एकोणिसाव्या दिवशी बातमी आली. अध्यक्षांना भर बैठकीत पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, आणि वाचाही.

ती सुन्न होऊन बसून राहिली. संध्याकाळी तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग तिच्या शेजारी येऊन बसले. "देव तुझं इतकं तातडीनं ऐकत असता तर माझी कंबर कधीच बरी झाली असती. सात वर्षं मागते आहेस तू."

तिला हसू आलं, त्याबरोबर रडूही.

तीन आठवड्यांनी मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. अध्यक्षांचा जीव वाचला होता. शब्द मात्र हरवले होते. "हे काम येणाऱ्या गावात तुम्ही एकट्याच," डॉक्टर म्हणाले. "तुमचा आणि त्यांचा वाद मला माहीत आहे. नाही म्हणालात तरी मी समजू शकतो."

"उद्या सकाळी दहाला येते," ती म्हणाली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पांढरा पडदा वाऱ्यानं फुगायचा आणि पुन्हा खिडकीला चिकटायचा. पलंगावर तो एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस उशीत रुतून पडला होता. त्यानं तिला ओळखलं, आणि मान भिंतीकडे वळवली. त्याची बायको संकोचून म्हणाली, "बाई, ते सगळ्यांशीच असं करतात."

"करू दे. माझी हरकत नाही."

तिनं चित्रांचे पत्ते काढले. कप, किल्ली, कंगवा, चमचा. चमच्याचं चित्र पुढे धरलं तर ते म्हणाले, "खिडकी." चुकलं हे त्यांनाही कळलं. पुन्हा प्रयत्न केला. "खिडकी." डोळ्यांत पाणी आलं. शब्द आत कुठेतरी होते, जड झोपेतल्या माणसांसारखे. हाक कुणालाही मारा, उठून यायचा तो दुसराच.

ती वाट बघत राहायची. या कामात बोलण्यापेक्षा वाट बघणंच जास्त. आठव्या दिवशी तिनं सहज म्हटलं, "सोमवार," आणि थांबली. ते म्हणाले, "मंगळवार." मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सगळा आठवडा एका दमात बाहेर आला. पाठ झालेलं असं कधीकधी आपोआप येतं, अर्थाची वाट न बघता. दोघंही चकित होऊन एकमेकांकडे बघत राहिले.

त्यानंतरचा पहिला आपणहून आलेला शब्द त्यांच्या सचिवाच्या वाट्याला आला. सचिवानं फायली पायावर पाडल्या आणि पलंगावरून खणखणीत आवाज आला, "गाढवा!"

बायको ओशाळली. शब्दबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या. "साहेब, उच्चार अगदी स्वच्छ!"

असे दिवस गेले. शब्द अडला की ती त्याचा पहिला आवाज ओठांवर धरायची, नुसता आकार, आवाज न करता. ते तिच्या ओठांकडे बघायचे आणि उरलेला शब्द त्यांचा तेच ओढून आणायचे. एका दुपारी, पडदा नुसताच लोंबत होता तेव्हा, त्यांनी फार वेळ जुळवाजुळव करून विचारलं, "तुम्ही... विरुद्ध. मग... इथे... का?"

"विरोध तुमच्या रस्त्याला आहे साहेब. तुमच्या जिभेला नाही."

ते बघत राहिले. मग तिनं ते सांगून टाकलं, जे सांगायचं नाही असं घरून ठरवून आली होती. वडिलांची पाच नावं, अकरा वर्षं, आणि ती एक पहाट. "मी त्या दिवशी तुमची वाचा बंद व्हावी असं मागितलं होतं. एकदाच. पण मागितलं होतं."

 मग अध्यक्षांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसली. "बायको..." त्यांनी बोट दाराकडे केलं, "रोज... मागते!"

दाराबाहेर बसलेली बायको पदर तोंडाला लावून हसली. मग ते गंभीर झाले. "अकरा... वर्षं. उप... उपयोग?"

"तुमचं ठाऊक नाही. मला झाला. तुमचा राग धरून मला इथवर येताच आलं नसतं."

सात महिन्यांनी ते काठी टेकत पालिकेत परतले. रस्त्याचा ठराव पुन्हा मांडला. आजारपणानं त्यांचं मत बदललं असेल अशी तिला फार आशा होती. बदललं नव्हतं. सभेच्या दिवशी दुपारी ती विरोधकांच्या रांगेत बसली, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला शिंपीणबाई. ही शिंपीणबाई तिची जुनी विद्यार्थिनी, जन्मापासून बहिरी, आता गावातल्या अर्ध्या बायकांचे कपडे शिवणारी.

तिचं भाषण झालं. चांगलं झालं. मग अध्यक्ष उठले. हळूहळू, एकेका पायरीवर पाय ठेवल्यासारखे बोलू लागले. रस्ता, वाहनं, शाळेसाठी नवी इमारत. "शाळेचं नीट..." ते म्हणाले आणि थांबले. "शाळेचं... नीट..."

शब्द आला नाही.  मागून कुणीतरी खुसखुसलं. मास्तर पुटपुटले, "संपलं. आता ठराव बारगळतोय बघ." समोर तो माणूस पुन्हा त्या उशीत रुतत चालल्यासारखा तिला दिसला.

तिनं विचार केला असं म्हणता येणार नाही. ती जागच्या जागी किंचित उठली, त्यांची नजर पकडली आणि ओठ घट्ट मिटून पटकन उघडले. नुसता आकार. प.

"पुनर्वसन," अध्यक्ष म्हणाले. "शाळेचं नीट पुनर्वसन होईल."

ते पुढे बोलत राहिले. मास्तरांना काही कळलं नाही. शिंपीणबाईला मात्र सगळं कळलं. ओठ वाचायला तिला याच बाईंनी शिकवलं होतं. तिचे हात संतापानं हवेत भरभर चालले. का दिलास? त्याला शब्द का दिलास?

शब्दबाईंनी हातांनीच उत्तर दिलं. शब्द त्याचाच होता.

शिंपीणबाईनं तोंड फिरवलं. ती पुढचे दोन महिने तिच्याशी बोलली नाही, आणि ब्लाउजही शिवून दिला नाही.

ठराव तीन मतांनी मंजूर झाला. घरी जाताना तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. ते रस्त्यातच थांबले. "म्हणजे आपली शाळा तू घालवलीस?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. पण माणूस बुडताना बघून मला आपल्या बाजूची मतं मोजता आली नाहीत."

मास्तर चालू लागले. बऱ्याच अंतरानं त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

शाळा वीटभट्टीच्या मैदानात गेली. बसचा फेरा लांबला, मुलं दमून पोचायची, आणि तिनं त्याबद्दल अध्यक्षांना दर आठवड्याला सुनावलं, कारण त्यांच्या घरी तिचे पाठ अजून चालूच होते. भांडताना त्यांची वाक्यं लांब होतात हे तिच्या लवकरच लक्षात आलं. मग ती मुद्दाम काहीतरी काढायची. झाडं, वाचनालय, गटारं. त्यांची बायको चहा ठेवून म्हणायची, "आज कशावरून?"

"बसवरून," अध्यक्ष सांगायचे. "बाईंना... गाव... समजतच नाही."

"पूर्ण वाक्य झालं. शाबास. आता त्याचं उत्तर ऐका."

पुढल्या निवडणुकीच्या आधी त्यांनी विचारलं, "मत कुणाला?"

"तुम्हाला नाही."

"देवाजवळ?"

"तिथे तुम्हीच."

ते निवडणूक हरले. फार नाही, पण हरले. काही महिने घराबाहेरच पडले नाहीत. मग एका सकाळी मूकबधिर शाळेच्या बसमधून, मुलांमध्ये अंग चोरून बसून, काठी गुडघ्यांत धरून आलेले ते वीटभट्टीच्या मैदानात उतरले. कुणी बोलावलं नव्हतं. शब्दबाई तेव्हा वर्गात मोठ्या आरशासमोर मुलांना बसवून आवाज घोटवून घेत होत्या. त्यांनी रिकामं बुटकं स्टूल दाखवलं. "बसा साहेब. प आणि फ चाललंय. तुमचा फ अजून कच्चा आहे."

ते बसले. मुलांनी सरकून जागा दिली. बाहेर मैदानावर धुकं होतं आणि त्यात भट्टीची जुनी चिमणी तरंगत असल्यासारखी दिसत होती. बाईंनी ओठ दाखवले. सगळ्यांनी आरशाजवळ तोंड नेऊन एकदम फुंकर मारली, फ, आणि काचेवर लहानमोठे पांढरे डाग उमटले. शेजारच्या मुलीनं अध्यक्षांचा डाग निरखून पाहिला, नापसंतीनं मान हलवली आणि त्यांना पुन्हा करायची खूण केली.