गजेंद्रची चांदणी

गजेंद्र पाटीलला काहीही विचारा, उत्तर मिळणारच. बरोबर मिळेल असं मी म्हटलेलं नाही.

सुरतच्या रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात धनसुखशेठची साड्यांची पेढी होती. तिथे आम्ही दोघं एकाच खोलीत बसायचो. मी बिलं आणि मेल टाइप करायचे, तो कॉम्प्युटर सांभाळायचा. नव्व्याण्णव साल होतं. ज्याला माउस धरता येई त्यालाही लोक इंजिनिअर म्हणत, आणि गजेंद्र तर रीतसर क्लास करून आलेला. कॉलर ताठ असायचीच. शेठनी त्याला दिवाळीत पर्मनंटचं पत्र देतो म्हणून सांगितलं होतं. त्याच्या वडिलांनी, सुकलालकाकांनी, ही बातमी नवरात्रातच डिंडोलीतल्या आपल्या गल्लीभर करून टाकली.

उत्तर देण्याची खोड त्याला घरातूनच लागली होती. काका अमळनेरकडचे, लूमवर काम करायचे. भुसावळच्या गाडीतून उतरलेला कोणी ना कोणी त्यांच्या दारात उभा राही आणि विचारी, आमच्या गावचा अमुक कुठे राहतो? काकांना ठाऊक असलं तर ते सांगत. नसलं तरी "इथेच तर राहतो, बस" म्हणून पाहुण्याला आत घेत, चहा पाजत आणि मग स्वतः शोधायला बाहेर पडत. "घर येल मानुसले नही म्हनानं नही," हा त्यांचा धर्म.

मुलाने यातला अर्धाच धर्म उचलला. उत्तर देण्यापुरता. शोधायला बाहेर पडणं त्याने काकांकडेच ठेवलं. मैत्रिणीच्या लग्नाला बारडोलीला जायचं म्हणून मी एकदा त्याला बस विचारली. त्याने इतक्या खात्रीने सांगितली की मी कंडक्टरला विचारलंसुद्धा नाही. बस अर्ध्या वाटेवरच्या चलथाणपर्यंतच जाणारी निघाली. मी जरीची साडी नेसून साखर कारखान्याच्या फाटकासमोर, मळीच्या वासात उभी. दुसऱ्या दिवशी हा म्हणतो, "अगं, तिथून जवळच आहे."

तर अशा माणसाच्या हाती सर्व्हर आला.

सर्व्हरचं एक काम म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणं. आपल्याला नावं लक्षात राहतात, मशीनला आकडे लागतात. कोणी नाव टाकलं की सर्व्हरने आधी घरच्या यादीत बघायचं, तिथे नसलं तर फोनच्या लाइनवरून इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं, आणि कुठेच नसलं तर सरळ सांगायचं की असं कोणी नाही. गजेंद्रने हे सगळं व्यवस्थित बसवलंही होतं. पण शेठ स्वतः टाइप करायला बसले की अक्षरं इकडची तिकडे व्हायची आणि पडद्यावर नकार यायचा. शेठ भडकायचे, "आ मशीन मने ना केम पाडे छे?" मशीनने शेठना नाही म्हणायचं म्हणजे काय!

झालं. गजेंद्रने घरच्या यादीच्या शेवटी एक चांदणी, म्हणजे * ही खूण, टाकली. चांदणीचा अर्थ असा, की वर नसलेलं आणि बाहेरही न सापडलेलं कुठलंही नाव विचारलं तरी "इथेच" म्हणायचं आणि आपलाच पत्ता द्यायचा. चुकीचं नाव टाकलं की आता शेठना "पधारो" लिहिलेलं, लाल-पिवळ्या फुलांचं पान दिसू लागलं. भर म्हणून अनोळखी नावाचं मेल आलं तर ते परत न पाठवता एका पेटीत ठेवायचं, अशीही सोय त्याने केली. शेठ इतके खूश झाले की त्यांनी दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला पधारो दाखवलं.

दिवाळी तोंडावर आली आणि दुबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. भाव कुठे आहेत? डिझाइनचा मेल कुठे आहे? शेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सगळे पाठवले. शेठनी गजेंद्रला विचारलं. त्याने सर्व्हरची नोंद उघडून दाखवली. जे मेल माझ्या हातून गेले होते, त्यांच्यापुढे "पोचलं" असं ठसठशीत लिहिलेलं. मग ते मिळाले का नाहीत? गजेंद्र क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "दुबईला शुक्रवारची सुट्टी असते ना, शेठ."

शनिवारी पुन्हा फोन आला. आता गजेंद्र म्हणाला, "वृषालीबेनने नाव टाइप करताना चुकवलं असेल."

मला ब्रह्मांड आठवलं. माझे बाबा रेल्वेत, आम्ही उधन्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढायचा नाही, असा मी बाबांशी करार केलेला. नोकरी गेली की दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून मावशी स्थळांचे फोटो घेऊन हजर झाली असती. शेठ शांतपणे म्हणाले, "मशीन खोटुं बोले नहीं. सोमवारपासून दुसरी मुलगी बघतो."

मी पर्स उचलली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते गजेंद्रला दिसू नये म्हणून मी उगाच कपाटाकडे तोंड करून उभी राहिले.

"शेठ," मागून आवाज आला, "वृषालीबेनचं चुकलं असं मी उगाच म्हणालो. मेल का पोचत नाहीत ते मला माहीत नाही."

हे वाक्य गजेंद्रच्या तोंडून मी कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. त्याने ते एका दमात म्हटलं आणि मग तो पाणी प्याला.

मग त्याने इंटरनेट कंपनीतल्या प्रज्ञेशला फोन लावला. हा प्रज्ञेश क्लासमधला, ह्याच्या मागच्या बाकावरचा. त्याला विचारणं म्हणजे नाक घासणंच. गजेंद्रने यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. पलीकडून इतकं मोठं हसू आलं की मलाही ऐकू आलं.

"अरे, तुमची लाइन रडकी," प्रज्ञेश म्हणाला. "बाहेरून उत्तर आलं नाही की तुझा सर्व्हर दुबईच्या नावाला तुमच्या पेढीच्या नावाचं शेपूट लावून घरातच पुन्हा विचारतो. आणि घरात तू होयबा बसवून ठेवलायस."

गजेंद्रने ती पेटी उघडली. दुबईचे सगळे मेल तिथे ओळीने पडलेले. भाव, डिझाइन, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा. सर्व्हरने पाहुणे घरातच बसवून ठेवले होते.

चांदणी पुसून तो गप्प बसला असता तर कोणाला काही कळलं नसतं. शेठना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तो उठला, शेठना खुर्चीशी घेऊन आला, पेटी दाखवली आणि म्हणाला, "ही ओळ मी घातली. बेनने सगळे मेल बरोबर पाठवले होते."

शेठनी दुबईला फोन लावला. व्यापाऱ्याने माल दुसरीकडून उचलला होता. शेठ कोणावर ओरडले नाहीत. मला म्हणाले, "सोमवारे टाइमसर आवजो." गजेंद्रला काहीच म्हणाले नाहीत. दिवाळीत सगळ्यांना मिठाई मिळाली. त्याच्या डब्यासोबत पत्र नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही मार्केटचा जिना उतरत होतो. त्याच्या हातात मिठाईचा डबा, आणि त्याच्या घरी गल्लीभर लोक पर्मनंटचे पेढे मागायला बसलेले. मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, "आता पत्र कधी देतील रे?"

"होळीपर्यंत," तो ताबडतोब म्हणाला. "पक्कं."

त्याला काहीही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हो, होळीपर्यंत नक्की."