मेडिकलमध्ये अटकलेला कान

पडद्याला भोक होतं.

मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, पुन्हा लावला, फोकस बदलून पाहिलं. भोक होतंच. छोटं, कोरडं, कडा गुळगुळीत. म्हणजे आजकालचं नव्हे, लहानपणचं. एरवी अशी गोष्ट मी पेशंटला दोन वाक्यांत सांगते आणि पुढचा पेशंट बोलावते. त्या दिवशी मात्र सक्शनची नळी हातात धरून मी तशीच बसून राहिले. कारण खुर्चीत बसलेल्या अनिकेतच्या वडिलांनी सकाळीच फोन करून माझ्याकडे नेमकं हेच मागितलं होतं. कानात काहीतरी निघू द्या, मॅडम.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. वर्ध्यात माझं छोटं क्लिनिक आहे. सैन्याची भरती निघाली की माझ्याकडे कानवाल्या पोरांची रांग लागते. भरतीत आधी लेखी परीक्षा, मग धावणं, मग मेडिकल. मेडिकलला लष्कराचे डॉक्टर कानात उजेड टाकून पडदा बघतात. मळ साचल्यामुळे पडदाच दिसत नसेल, तर मुलगा तात्पुरता अनफिट. त्यानं काही दिवसांत कान साफ करून घ्यायचा आणि लष्करी रुग्णालयात पुन्हा दाखवायचा. याला रिव्ह्यू म्हणतात. पोरं म्हणतात, "मेडिकलमध्ये अटकलो." आष्टीकडची, आर्वीकडची पोरं एकेका मोटरसायकलवर तिघं बसून येतात. वर्षभर पहाटे डांबरी रस्त्यावर धावून पाय लोखंडासारखे केलेले असतात आणि अडतात बोटभर मळाला. सोबत आई किंवा बाप असला तर मागणं एकच असतं. कसंही करा, पण फिट करा.

अनफिट करा म्हणणारा पहिला बाप म्हणजे काळबांडे सर.

सर आमच्या नालवाडीच्या कॉलनीतले. कॉलेजात इतिहास शिकवतात. पंधरा ऑगस्टला कॉलनीचं झेंडावंदन झालं की भाषण त्यांचंच. जवानांवर बोलताना त्यांचा गळा खरोखर दाटून येतो, नाटक नसतं ते. अनिकेत एनडीएच्या परीक्षेला बसला तेव्हा त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगितलं होतं. त्यात त्याचं नाव आलं नाही. मग पोरानं कोणाला न विचारता अग्निवीरची, म्हणजे चार वर्षांच्या शिपाईभरतीची, ऑनलाइन परीक्षा दिली, पास झाला, धावला, त्यातही निघाला आणि मेडिकलला कानात अटकला.

सरांचा फोन आला तेव्हा मी हातमोजे घातलेले होते. म्हणून मी सुनंदाताईंना फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं. सुनंदाताई माझ्याकडच्या नर्स. माझं क्लिनिक खरं तर त्याच चालवतात. मी फक्त कानात बघते.

"मॅडम, अनिकेत येईल आज. त्याचा कान फार साफ करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे मळ थोडा राहू द्या. नाहीतर पडदा कमजोर आहे म्हणून सांगा. कानात काहीतरी निघू द्या, मॅडम. तुमच्या शब्दावर तो मागे फिरेल."

"सर, एनडीएला निवड झाली असती तर असा फोन केला असता का?"

"ते ऑफिसरचं होतं, मॅडम. हे शिपाईपण आहे. चार वर्षांनी परत येऊन काय करणार तो? पगारासाठी जाणाऱ्या पोरांचं काम आहे हे. त्यांच्याजवळ दुसरं काही नसतं. आमच्या घरी काय कमी आहे?"

सुनंदाताई ट्रेमध्ये हत्यारं मांडत होत्या. त्यांचा मंगेश सैन्यात शिपाई आहे. बारावी झाल्यावर गेला, आता कुठल्यातरी बर्फाच्या ठिकाणी असतो. सरांना हे माहीत नव्हतं आणि फोन स्पीकरवर आहे हेही माहीत नव्हतं. ताईंनी चिमटा जागेवर ठेवला, कापूस ठेवला, झाकण लावलं.

"मी जे दिसेल तेच सांगेन, सर," एवढं बोलून मी फोन बंद करायला लावला. ताई म्हणाल्या, "मॅडम, पहिला पेशंट पाठवू का?"

माझी आणि सरांची जात वेगळी असेल, पण वर्ग एकच. आमच्या कॉलनीत सैन्याबद्दल अतोनात आदर आहे. पोरं मात्र पुण्याला जातात, बंगलोरला जातात, जमलं तर त्याच्याही पलीकडे. कोणाचं पोर जवान झालेलं मला आठवत नाही. आदर करायचं काम आमचं आणि जायचं काम दुसऱ्यांचं, अशी वाटणी कोणी बसून केलेली नाही. ती झालेली आहे. संध्याकाळी हे मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आणि आपल्या मिहीरनं असं म्हटलं असतं तर?" त्यावर मी भाजीत मीठ आहे का ते बघितलं.

पण ते संध्याकाळचं. दुपारी अनिकेत खुर्चीत बसताच त्यानं विचारलं होतं, "मॅडम, बाबांचा फोन आलता ना तुम्हाले? माझ्यासमोरच म्हणाले ते, मी मॅडमशी बोलून घेतो म्हणून."

"आला होता. मी नाही म्हटलं त्यांना."

तो जरा सैल झाला. एरवी आम्ही पाणी मारून मळ काढतो, पण आतल्या पडद्याची खात्री नसेल तर पाणी मारायचं नसतं. म्हणून मी मायक्रोस्कोपखाली सक्शननं हळूहळू मळ ओढून घेतला. डावा कान स्वच्छ निघाला. उजव्यातला मळाचा खडा सुटला आणि त्याच्या मागे ते भोक.

"अनिकेत, लहानपणी कान वाहायचा का?"

"काऊन? काय झालं?"

"पडद्याला भोक आहे. जुनं आहे."

तो हसला. ते हसणं मला अजून आठवतं, चांगलं नव्हतं ते.

"बरोबर आहे. सकाळी बाबांचा फोन आन दुपारी भोक."

मी एंडोस्कोप लावला. ही कॅमेऱ्याची बारीक नळी असते, पडदा टीव्हीवर मोठा दिसतो. भोक दाखवलं. तो म्हणाला, "कोणाचाही कान असू शकते हा, मॅडम." मी त्याचं बोट नळीला लावून ती जराशी हलवली, तसं चित्रही हललं. तरी त्याचा विश्वास बसेना. आणि खरं सांगते, त्याच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. इतकी वर्षं लोक माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात आणि ज्या दिवशी मी शंभर टक्के खरं बोलले, त्या दिवशी मी खोटी ठरले. मला सरांचा संताप आला. फोन करून त्यांनी माझं निदानच नासवलं होतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," मी म्हटलं. "दुसरीकडे दाखव. मोठ्या हॉस्पिटलात जा, मला न सांगता जा. आणि नीट ऐक, हे भोक बुजवता येतं. ऑपरेशन करून ते नीट भरलं तर पुढच्या भरतीत बसता येईल. या खेपेला मात्र जमणार नाही."

तो उठून गेला. जाताना दार हळू लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी क्लिनिक बंद करता करता काळबांडे सर आले. चेहरा मोकळा.

"मॅडम, उपकार झाले तुमचे. घरी येऊन बोलला तो, पडदा फाटलाय म्हणे. मी काहीच बोललो नाही."

"सर, मी काहीही केलेलं नाही."

"हो हो, ते कळतं मला."

"तुम्हाला कळलेलं नाही. भोक खरंच आहे."

सर उभे होते, ते खुर्चीवर बसले. कॉलेजात शुद्ध बोलणारा तो माणूस एकदम त्यांच्या गावच्या बोलीवर आला. "खरंच हाये? म्हणजे ऐकू येईन ना त्याले? पुढं बहिरा तं नाई होणार?"

मी त्यांना समजावून सांगितलं. ऐकू थोडं कमी येतं, पोहताना पाणी गेलं की कान वाहील, तसंच सोडलं तर पुढे त्रास वाढू शकतो. ते म्हणाले, लहानपणी कान वाहायचा, थेंब टाकले की थांबायचा, आम्ही सोडून दिलं.

"ऑपरेशन केलं तर तो पुन्हा भरतीला जाईल," ते म्हणाले.

"जाईल."

"आणि नाही केलं तर कान जाईल."

"जाईलच असं नाही. पण माझ्या मुलाचा कान असता तर मी केलं असतं."

"तुम्ही त्याला सांगितलं, बुजवता येतं म्हणून?"

"तो पेशंट आहे, सर. सज्ञान आहे. त्याला नाही तर कोणाला सांगू?"

सर निघून गेले. मला वाटलं, आता हे पोराला दुसऱ्या डॉक्टरकडे नेतील, नाहीतर कुठेच नेणार नाहीत. झालं वेगळंच. पुढच्या आठवड्यात अनिकेत आला. मोठ्या हॉस्पिटलात दाखवून आला होता, तिथेही भोकच निघालं होतं. "सॉरी मॅडम," म्हणाला. "तुम्हीच करा ऑपरेशन." त्याच्या मागून सर आत आले.

हे ऑपरेशन ऐकायला भारी वाटतं, पण कल्पना साधी आहे. कानाच्या वरच्या बाजूला स्नायूवर एक पातळ आवरण असतं. त्याचा तुकडा घेऊन भोकावर ठिगळासारखा लावायचा. ठिगळ धरलं की पडदा अखंड. मग काही महिने सर्दी सांभाळायची, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. ते सगळं सरांनी सांभाळलं. आंघोळीच्या वेळी पोराच्या कानात व्हॅसलीनचा कापूस तेच लावायचे, असं अनिकेतनं मला हसत सांगितलं. दोघं भरतीबद्दल एक अक्षर बोलत नव्हते म्हणे. नुसता कापूस.

ठिगळ धरलं. पुढच्या खेपेला अनिकेतनं पुन्हा सगळी परीक्षा दिली, पुन्हा धावला. मेडिकलला उजव्या कानात लष्कराच्या डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं आणि फिट लिहिलं. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरांनी टाकलं, 'अनिकेत भारतीय सैन्यात रुजू होत आहे.' खाली अभिनंदनाचे अंगठे पडले. कोणीतरी विचारलं, "लेफ्टनंट का, सर?" मी फोन हातात धरून वाट पाहिली. थोड्या वेळानं सरांचं उत्तर आलं. "नाही. शिपाई." त्यानंतर एकही अंगठा पडला नाही.

तो निघायच्या आदल्या दिवशी सर क्लिनिकमध्ये आले. मी पेशंट तपासत होते, पण त्यांना मी नकोच होते. सुनंदाताईंचा मुलगा सैन्यात आहे, हे त्यांना आता कोणीतरी सांगितलं होतं. मधलं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, ट्रंकेत काय काय द्यायचं? आणि सुरुवातीला फोन लागतो का?"

"ट्रंक मोठी नका घेऊ, सर, थे लोक हलकीच ठेवाले लावतात. उनी बनियन द्या. फोन रोज नाई लागत. लागला तं दोन मिनिटं. आपण रडाचं नाई तेवढ्यात, थे नंतर करा."

"घरात काही वाटायचं का तुम्हाला? म्हणजे, सुरुवातीला?"

"रात्री ताट वाढताना हात थांबे."

सर थोडं घुटमळले. "मंगेश का गेला होता, ताई? त्याला आवड होती?"

"नाई, सर," ताई म्हणाल्या. आवाजात कसलीही धार नव्हती. "पगारासाठीच गेलता. घरी नड होती. पण पगारासाठी गेलेल्याची वाट बी तेवढीच पाहा लागते."

'पगारासाठी' हा शब्द सरांचाच होता, त्या सकाळी फोनवर बोललेला, आणि तो ओळखायला त्यांना वेळ लागला नसावा. आत माझा पेशंट म्हणाला, "मॅडम, कान झाला का?" तेव्हा मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. बाहेर ताई सरांना लोकरी मोज्यांचं दुकान सांगत होत्या.

फोन स्पीकरवर होता, हे ताईंनी त्यांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आता हातमोजे घातलेले असले की मी फोन घेत नाही.