बुलेटप्रूफ जाकिटाची खरेदी

धमकीचा पहिला फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, म्हणून तो नवऱ्यानं उचलला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलला आणि अगदी गोड बोलला. "सेठ, बिल्डिंग अच्छी बन रही है. भाई को मिलने का है. नहीं मिले तो अपने आप को संभालना." एवढंच. नवऱ्यानं रिसीव्हर खाली ठेवला. मला वाटलं आता हा मटकन खाली बसणार, तर याच्या चेहऱ्यावर चक्क तेज आलेलं.

"अगं, मला फोन आला," तो म्हणाला. "मला!"

ती नव्वदीतली वर्षं होती. नवीन पनवेलच्या कडेकडेनं, भाताच्या शेतांतून इमारती वर येत होत्या. नोकरी सोडून नवऱ्यानं विचुंब्यात एक तीन मजली इमारत बांधायला घेतली होती आणि पाटीवर स्वतःच्या नावापुढे 'बिल्डर' असं रंगवून घेतलं होतं. असे फोन मुंबईच्या बड्या बिल्डरांना येतात, हे आम्ही पेपरात वाचायचो. म्हणजे फोन आला, याचा अर्थ आपली कुणीतरी दखल घेतली. "सुकापूरच्या त्या पाच बिल्डिंगवाल्याला अजून आला नाहीये," असंही तो जेवताना म्हणाला. अंगावर मूठभर मांस चढलं होतं त्याच्या.

माझी मात्र पाचावर धारण बसली होती. पोलिसात चला, म्हणून मी त्याच्या मागे लागले. तो ऐकेना. "पोलिसात गेलो की उद्या सगळ्या पनवेलला कळणार. घाबरलेल्या बिल्डरकडे फ्लॅट कोण बुक करतं? आणि भितोय कोण?" ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर इमारत होती तोही त्याला फूस द्यायचा. "शेठ, आमी हाय ना. तुमी बिनधास या. काय नाय होत."

दुसऱ्या फोनवर त्या माणसानं, नवरा साइटवर कोणत्या रस्त्यानं जातो ते वळणावळणासकट सांगितलं. त्या दिवशी साहेब साइटवर गेले नाहीत. ॲसिडिटी झाली म्हणाले. संध्याकाळी चहा पिता पिता एकदम म्हणाले, "आपण बुलेटप्रूफ जाकीट घेऊ या."

खरं सांगते, मला इतका आनंद झाला! पोलिस नाही तर नाही, पण काहीतरी होतंय. आणि दुसरं म्हणजे असली वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. पनवेलच्या बाजारात टाचणीपासून पितळी घंगाळापर्यंत सगळं मिळायचं, पण जाकीट कुठे मागायचं? ओळखीतून ओळख काढत शेवटी मुंबईचा एक विक्रेता सापडला. बँकेची रोकड नेणाऱ्या गाड्यांवरच्या गार्डांना तो अशी जाकिटं पुरवायचा. रविवारी घरी येऊन माल दाखवतो म्हणाला.

ताकास तूर लागू द्यायची नव्हती, म्हणून शेजारणीला मी सांगून ठेवलं की सुरतेचा साडीवाला येणार आहे. तर ती म्हणाली, "मग मीही येते बघायला!" तिला कशीबशी परतवली. पण पडदे ओढून, सतरंजी अंथरून, कांदेपोहे करून मी वाट बघत बसले ती अगदी साडीवाल्यासारखीच.

माणूस दोन जड बॅगा घेऊन आला. पोहे खाल्ले आणि सतरंजीवर एकेक काढून मांडायला लागला. मला वाटलं होतं जाकीट म्हणजे लोखंडी काहीतरी असेल. पण ते नुसतं जाड कापडाचं कव्हर, पुढे आणि मागे मोठे खिसे असलेलं. खरी मदार त्या खिशांत सरकवायच्या प्लेटींवर. एक प्रकार गोधडीसारखा, कापडाचे थरावर थर. दुसरा पोलादाचा, उचलताना माझ्या मनगटात कळ आली. तिसरा चिनी मातीच्या जातीचा, परदेशातून आलेला. पोलादापेक्षा हलका, पण हातातून पडला की तडा जायची भीती.

"शेठ, आधी हे सांगा, धोका कशाचा आहे? पिस्तुलाचा की रायफलीचा?" त्यानं विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "फोनवर विचारायचं राहिलंच," मी म्हणाले.

तो हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "पिस्तुलाला हे थरांचं पुरतं. रायफलीला मात्र कडक प्लेटच लागते. सर सलामत तो पगडी पचास."

मग काय विचारता! माझ्या अंगात वारंच शिरलं. हे दाखवा, ते दाखवा. काळ्यात आहे का? शर्टाच्या आतून घालायचं तर पांढरं नाही का? धुवायचं कसं? (प्लेटी काढून कव्हर धुवायचं, प्लेटी ओल्या करायच्या नाहीत.) आमची पाच वर्षांची मुलगी बाजूच्या चिकटपट्ट्या चर्र चर्र उघडून पुन्हा लावत होती आणि दर वेळी टाळ्या वाजवत होती. नवरा कपाटाच्या आरशासमोर छाती काढून उभा.

प्लेट नेमकी कुठे बसायला हवी ते विक्रेत्यानं त्याच्या अंगावर हात ठेवून दाखवलं. वरची कड गळ्याच्या खळगीशी, खालची बेंबीच्या वर. म्हणजे नवऱ्याचं पोट सगळं बाहेरच राहिलं.

"आणि याचं काय?" नवऱ्यानं पोटावर थाप मारली.

"शेठ, काळीज आणि फुप्फुसं झाकली की झालं."

"यांचं काळीज पोटातच असतं," मी म्हटलं. मुलगी खदखदून हसली.

सोफ्यावर बसवून पाहिलं तर मोठी प्लेट वर सरकून हनुवटीला टेकली. मग धाकटी घातली, खांद्यावरचे पट्टे आवळले, तेव्हा ती जागची हलेना. वरून सफारी चढवला. बटणं लागेनात, पण शिंप्याकडून सैल करून आणता येईल असं मी म्हटलं. मे महिना होता, नवरा घामानं निथळत होता, तरी खूष होता. मीही खूष होते. आता याला काही होणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं. हेच पक्कं करा, असं मीच म्हणाले.

"जाता कशानं?" विक्रेत्यानं विचारलं.

"स्कूटरनं."

"मग स्कूटरवर बसून बघा आणि मग घ्या. जाकीट उभ्यानं, आरशात बघून घेऊ नये."

आम्ही खाली गेलो. दुपारची वेळ, सोसायटीच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. नवरा स्कूटरवर बसला, हँडल धरलं, वाकून पाहिलं. छान जमत होतं. तेवढ्यात मुलगी धावत आली आणि रोजच्यासारखी पुढे, हँडल आणि बाबा यांच्या मधल्या जागेत उभी राहिली. शाळेत सोडतानाची तिची जागाच ती. मीही सवयीनं मागे बसले. हात त्याच्या कमरेला घातला तर बोटांना काही धरताच येईना, सगळं टणक.

"शेठ, बघा," विक्रेता समोरून म्हणाला, "पुढून-मागून एकदम सेफ!"

मुलीचं डोकं बाबाच्या छातीवर टेकलेलं होतं, बरोबर प्लेटीच्या मध्यावर. ती मान वळवून म्हणाली, "बाबा, तुम्ही टोचताय."

नवरा तिच्या डोक्याकडे बघत राहिला. मग मान मागे वळवून त्यानं मला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्याला जे दिसलं ते मलाही त्याच क्षणी दिसलं.

"लहान मुलांच्या साइझमध्ये असतं का?" त्यानं विचारलं.

विक्रेत्याला थट्टा वाटली. "नाही हो शेठ! मुलांना कोण कशाला गोळी मारेल?"

नवरा उतरला. तिथेच, आवारात, सफारी काढला, चिकटपट्ट्या ओढल्या आणि जाकीट त्या माणसाच्या हातात दिलं. "माफ करा, तुम्हाला उन्हातान्हाची खेप पडली," एवढं म्हणाला. भिजलेल्या बनियनवर पुन्हा सफारी चढवला आणि मला म्हणाला, "हिला शेजारी ठेव. चल."

"कुठे?"

"तू म्हणत होतीस तिथे."

स्कूटर त्यानं हलवलीच नाही. आम्ही रिक्षानं गेलो. पोलिस ठाण्यात पंख्याखाली एक अधिकारी बसला होता. काय काम आहे, विचारल्यावर नवऱ्यानं घसा खाकरला. मी मनात म्हटलं, आता हा छाती काढून, मला फोन आला, म्हणून सांगणार आणि इथेच घोडं पेंड खाणार.

"साहेब," तो म्हणाला, "मला फार भीती वाटते आहे."

अधिकाऱ्यानं खुर्ची पुढे सरकवली. आणि मला इतकं हायसं वाटलं, इतकं हायसं वाटलं, की तिथे दोन हवालदारांसमोर मी मोठ्यानं रडायला लागले.