साळखात्यातली बोली

बंगल्याच्या व्हरांड्यात पाऊल ठेवलं तेव्हा आतून दालचिनीचा, वितळत्या लोण्याचा आणि भाजत्या मांसाचा अनोळखी गंध आला, आणि त्याच क्षणी पाठीमागून, गिरणीच्या अंगाने आलेल्या झुळुकीबरोबर खळीचा आंबूस वास आला. ताण्याच्या उभ्या धाग्यांना ताठपणा यावा म्हणून लावतात ती शिजवलेली खळ. तिच्या वासात मी लहानाचा मोठा झालो होतो. मार्गशीर्षातलं सोलापूरचं ऊन त्या वेळी कोवळं असतं, अंगणातल्या कडुनिंबाच्या सावल्या लांब आणि निळसर पडतात, आणि हवेत एक कोरडा, स्वच्छ गारवा असतो. तशा त्या सकाळी मी दोन गंधांच्या मधोमध उभा होतो, आणि माझ्या हाताला धरून नोरा, तीन महिन्यांपूर्वी बोटीतून माझ्याबरोबर उतरलेली माझी पत्नी, आपल्या माणसांच्या दाराकडे अधीर होऊन पाहत होती.

तिची ही माणसं मी पूर्वी कधीच पाहिली नव्हती. कापडविद्या शिकायला मी विलायतेत गेलो, तिथे संध्याकाळच्या वर्गात नोरा भेटली, आणि निघण्याआधी घाईने आमचं लग्न झालं तेव्हा तिच्या आईकडचं कुणीही आलं नव्हतं. तिची आई फार पूर्वी वारली होती. आईची भावंडं मात्र सगळी हिंदुस्थानात होती: एक मामा रेल्वेत, एक मावशी दक्षिणेकडच्या एका दवाखान्यात परिचारिका, आणि थोरले हॅरॉल्डमामा सोलापुरातल्या एका गिरणीत वीव्हिंग मास्तर. त्या वर्षी नोराची आजी, सत्तरी गाठलेली, आयुष्यात एकदा आपली उरलेली सगळी मुलं एका टेबलाभोवती बसलेली पाहावीत म्हणून एकटी समुद्र ओलांडून आली होती. नाताळासाठी सगळ्यांनी सोलापुरात जमायचं ठरलं. आम्हांला बोलावणं आलं ते आजीच्या आग्रहामुळे, हे नोराने मला गाडीत सांगितलं होतं.

मी मात्र तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. माझे वडील कुठल्यातरी गिरणीत विणकर आहेत एवढं तिला माहीत होतं. ती स्वतः विणकरांच्या कुळातली, तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. पण ती गिरणी हीच, आणि माझ्या वडिलांचे मास्तर म्हणजे तिचे हे हॅरॉल्डमामाच, हे मी दडवलं होतं. मामांनी पत्रातून माझी चौकशी केली तेव्हा, आम्ही वैरागकडचे शेतकरी, असं मी लिहून दिलं. तेही खोटं नव्हतं. वैरागजवळ आमचं एक कोरडवाहू शेत होतं, जे सोडून वडील तरुणपणी शहरात आले होते. अर्ध्या सत्याला एक सभ्य अंगरखा असतो. तो मी घालून आलो होतो. आईवडिलांकडे बोटीतून उतरल्यापासून मी गेलोच नव्हतो; त्यांना एवढंच कळवलं होतं की साहेब लोकांचा सण आटोपला की सुनेला घेऊन येतो. बंगल्यापासून आमची चाळ चालत वीस मिनिटांवर होती.

त्या घराने मला वाईट वागवलं असं म्हणता येणार नाही. नोराला पाहून मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्या गालात तिला बहिणीची खळी दिसली. मामी मला दर वेळी सावकाश, सोप्या शब्दांत काही विचारत, आणि मी लांबलचक वाक्यात उत्तर दिलं की जरा दचकत. हॅरॉल्डमामा उंच, लाल चेहऱ्याचे, मितभाषी. त्यांनी माझ्याशी हात मिळवला तो अगदी योग्य तितका वेळ. मला मात्र त्या हाताचं भय वाटलं, कारण लहानपणापासून आमच्या घरात ‘मास्तर’ हा शब्द पाऊस किंवा ताप यांच्यासारखा उच्चारला जात असे, ज्याच्यावर आपला इलाज नाही अशा गोष्टीसारखा.

आजी त्यांच्यात वेगळी होती. ठेंगणी, वाकलेली, पांढऱ्या केसांवर काळी टोपी. वयाच्या अकराव्या वर्षापासून पन्नास वर्षं तिने मागावर काढली होती आणि त्या खडखडाटात तिचे कान गेले होते. तिच्याशी कुणी मोठ्याने बोलत नसे. सगळे तिच्या समोर येऊन ओठ नीट हलवून बोलत, आणि ती चेहरा वाचावा तसं बोलणं वाचत असे. हे मला नवं नव्हतं. माझे वडीलही तसेच बहिरे झाले होते. साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, दोनशे माग एकदम चालतात; तिथे आवाजाचा उपयोग नसतो, म्हणून विणकर ओठांनी आणि बोटांनी बोलतात, आणि ती सवय इतकी हाडात भिनते की वडील घरीसुद्धा पुष्कळदा आवाज न काढताच बोलत. आजीकडे पाहताना मला ते सारखे आठवत, आणि मग मी नजर वळवून बागेतल्या झेंडूंकडे पाहत असे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आजीने हट्ट धरला की मला गिरणी पाहायची आहे. सुट्टी साहेबांना होती, गिरणीला नव्हती. जेवणानंतर मामा सगळ्यांना घेऊन निघाले. डोकं दुखतंय असं सांगून मी मागे राहू शकलो असतो; तसं ठरवूनही ठेवलं होतं, पण आजीने आधारासाठी माझाच दंड धरला.

साळखात्याचं दार उघडलं आणि तो नाद अंगावर आला. कापसाच्या बारीक धुळीतून छपराच्या काचांतलं ऊन तिरपं उतरत होतं, जणू आत धुकं साठलं होतं, आणि त्या धुक्यात माणसं वाकत होती, उठत होती. आजी उंबऱ्याशी थांबली. तिला ऐकू येत नव्हतं, पण जमिनीचा थरकाप तळव्यांतून वर चढत असावा. तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो परदेशात अचानक आपली भाषा कानी पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो. आम्ही रांगेतून चालू लागलो. तिसऱ्या ओळीत, बेचाळिसाव्या मागाशी, माझे वडील उभे होते.

चार वर्षांनी मी त्यांना पाहत होतो. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, खांदे आणखी उतरले होते. त्यांनी मला पाहिलं, माझा कोट पाहिला, पुढे चाललेल्या मास्तरांची पाठ पाहिली, माझ्या शेजारची गोरी तरुणी पाहिली. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, आणि मग त्यांनी तो विझवला. हात मागावरून न काढता त्यांनी ओठ हलवले. त्या दोनशे मागांच्या गर्जनेत मला एकट्याला ते स्वच्छ कळलं:

“वळख दावू नगंस. म्होरं जा.”

आणि मी पुढे गेलो.

आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला आठवतं ते हेच, की पुढे जाणं कठीण गेलं नाही. पाय सहज उचलले गेले. दहा पावलांवर जाऊन मी वळून पाहिलं, कारण दंडावरचा आजीचा हात सुटला होता. ती मागेच राहिली होती, वडिलांच्या मागाशी. आडवा धागा नेणाऱ्या त्यांच्या धोट्यातलं सूत संपलं होतं. त्यांनी माग थांबवला, नवी कांडी घातली, आणि धोट्याच्या भोकाला ओठ लावून आतला धागा श्वासाने ओढून घेतला. ते पाहून आजी हसली आणि बोटाने ओठ वर करून पुढच्या पडलेल्या दातांची मोकळी जागा तिने त्यांना दाखवली. मलाही नंतर कळलं की जन्मभर तो धागा ओढून तिकडच्या विणकरांचे दात तसेच जात. वडील आधी गोंधळले, मग त्यांनीही आपल्या पडलेल्या दाताची जागा दाखवली. ताण्यातला एक धागा तुटलेला होता. आजीने पुढे होऊन तो उचलला, आणि डोळ्यांना दिसायच्या आत तिच्या थरथरत्या बोटांनी गाठ मारली. वडिलांनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

बाहेर चौकात आल्यावर उन्हात सगळे कपड्यांवरचा कापूस झटकत होते. आजी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या माणसाने तुला काय सांगितलं, असं तिने विचारलं. शब्द तिला समजणं शक्यच नव्हतं, परंतु ओठ कुणासाठी हलले हे तिने पाहिलं होतं. मामा चार हातांवर पाइप पेटवत होते. मला नाही म्हणता आलं असतं; पण तिच्या त्या फिकट डोळ्यांपुढे खोटं बोलायला जागाच उरली नाही. मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तिला सांगितलं. वाटलं, एवढं तिच्यापुरतं राहील.

बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. ती अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तो ह्याचा बाप आहे.”

मामांच्या हातातली काडी बोटांपर्यंत जळत आली. नोरा माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, एक शोध होता, आणि तो मला रागापेक्षा जड गेला. काडी खाली टाकून मामा म्हणाले, “बेचाळीस नंबर. अठरा वर्षं आहे माझ्याकडे. चांगला विणकर आहे.” आणि ते बंगल्याच्या दिशेने एकटेच चालू लागले.

त्या संध्याकाळी नोराने मला एकच विचारलं, की लाज तुला त्यांची वाटली की आमची. जेवताना मामींनी सुचवलं की वडिलांना इथेच बोलावून घ्यावं, व्हरांड्यात चहा देता येईल. आजीने त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि शांतपणे मान हलवली. व्याही भेटतात ते घरी जाऊन, अशा अर्थाचं काही ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी, गिरणीचा सुट्टीचा भोंगा झाल्यावर, टांगा आला. हॅरॉल्डमामा आमच्याबरोबर आले नाहीत. पण फाटकापर्यंत येऊन त्यांनी आपल्या आईला स्वतः हात देऊन टांग्यात बसवलं, आणि टांगेवाल्याला चाळीचा रस्ता सांगितला. तो त्यांना बिनचूक माहीत होता, ह्याचं मला आश्चर्य वाटलं.

आमच्या चाळीत तेव्हा बहुतेक घरं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. बायका दारादारांत उभ्या राहून पाहत होत्या. वडील हातपाय धुऊन, धुतलेलं धोतर आणि लग्नकार्यात घालायचा कोट घालून उंबऱ्यात थांबले होते. मी वाकून पायांना हात लावला. ते म्हणाले, “आलास व्हय,” आणि माझ्या खांद्यावरून कापसाचा एक नसलेलाच तंतू काढून टाकला. कालच्याबद्दल ते काही बोलले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. आईने नोराला पाटावर बसवलं, खण आणि तांदळांनी तिची ओटी भरली, आणि पदर सावरायला तिच्याकडे पदरच नाही हे लक्षात आल्यावर स्वतःच्या पदराने ती झाकून घेतली. मग शेंगांची चटणी, दही आणि कडक भाकरी पुढे आली. “लई गोड हाय की पोरगी,” आई मला म्हणाली, “पन लई वाळलीय.”

दुभाष्याचं काम माझ्याकडे येईल म्हणून मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. पाचच मिनिटांत कळलं की माझी कुणालाच गरज नाही. आजी आणि वडील समोरासमोर घोंगडीवर बसले होते, आणि त्यांची बोटं, भुवया, ओठ चालले होते. वडिलांनी वैरागचं शेत दाखवलं असावं, तिने पाऊस. तिने चार मुलं मोजली आणि एक बोट मिटलं. वडिलांनी ते मिटलेलं बोट पाहून टोपी काढली. चुलीच्या धुरात मावळतीचं ऊन मिसळून खोलीत सोनेरी धूळ तरंगत होती, आणि तासभर त्या दोघांनी एक शब्दही न उच्चारता एवढं बोलणं केलं, जेवढं मी माझ्या वडिलांशी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

पुढच्या वेळी आलो तेव्हा वडिलांनी सांगितलं की मास्तर आता मागाशी थांबतो, नंबर घेत नाही, सखाराम म्हणून नावानं हाक मारतो. “पन मला कुटं ऐकू येतंय,” ते म्हणाले, आणि मिशीत हसले.

त्या नाताळानंतरच्या परतीच्या गाडीत बार्शीकडची ज्वारीची शेतं खिडकीतून मागे सरत होती, कणसं नुकती भरत आली होती. तेव्हा नोरा म्हणाली, आजीला तुझ्या वडिलांनी एक गोष्ट सांगितली. तुझी बोट सुटली त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत माग चालवला, मग तो थांबवून त्याच्या चौकटीवर हात ठेवून ते नुसतेच उभे राहिले, आणि शेजाऱ्याने विचारलं तेव्हा डोळ्यांत कापूस गेला म्हणाले. थोडं थांबून तिने हेही सांगितलं, की तिची आई गेली त्या दिवशी आजीनेही तसंच केलं होतं, असं घरात सगळे सांगतात.

त्यामुळे ती गोष्ट त्यांनी तिला सांगितली, की तिने आपलीच त्यांच्या चेहऱ्यावर वाचली, हे मला कधीच कळलं नाही. आजी वसंतात परत गेली. वडील त्यानंतर नऊ वर्षं होते. मी दरवर्षी सोलापूरला येत असे, त्यांच्यासमोर बसत असे, त्यांना वाचता यावेत म्हणून ओठ सावकाश हलवत असे. ती गोष्ट खरी का, हे विचारायचं मनाशी ठरवून आलेलो असायचो, आणि तरी दर वेळी ओठांवर येई ते एवढंच, की जेवलात का. आणि ते माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहून मान हलवत.